शिफ्ट दाबून चाल

बर्लिनमध्ये डिसेंबरात दुपारी चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी मला ते सोसलं नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे आणि खिडकीबाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असं काहीतरी पडत असलेलं. बेळगावचा पाऊसही आठ-आठ दिवस सूर्य दाखवत नाही, पण तो पत्र्यावर वाजतो, पन्हळीतून धो धो खाली येतो. इथला ओलावा मुका आहे.

या हिवाळ्यातल्या तशाच एका रविवारी चारच्या सुमारास दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात काकांचं डीटीपीचं दुकान आहे, ते आता तो बघतो.

"काय करालास?"

काही नाही म्हटलं.

"मग प्रिन्स काढ की. बाराव्या लेव्हलला सोडून आलोय आपण त्याला. पंचवीस वर्षं झाली."

तिकडे साडेआठ वाजले होते. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर असतं. इथे अंधार पडतो तेव्हा बेळगावात रात्रीचे साडेआठ. ती वेळ ऐकून मला जे वाटलं ते कळायला तुम्हाला आधी दुकान सांगायला हवं.

१९९८ साली काकांनी पेंटियम कॉम्प्युटर घेतला तो लग्नपत्रिकांसाठी. एकाच पडद्यावर सकाळी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि दुपारी 'मदुवेय ममतेय करेयोले'. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच काका ओळखायचे की याच्याशी मराठीत बोलायचं की कन्नडात. प्रूफ तपासायला अख्खं घर यायचं. कुणाच्या आत्याचं नाव राहिलंय, कुणाच्या मामाच्या नावाआधी 'कै.' लावायचं राहिलंय, हे सगळं उभ्या उभ्या ठरायचं. साडेआठला शेवटचं प्रूफ गेलं की काका घरी जेवायला जायचे आणि साडेनऊला कुलूप लावायला परत यायचे. मधला एक तास दादाचा आणि माझा.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' या आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात राजकुमाराला मिळतात तीही बरोबर साठच मिनिटं. वजीर जाफर राजकन्येसमोर वाळूचं घड्याळ ठेवतो: तासाभरात लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. खाली तळघरात पडलेल्या राजकुमारानं तेवढ्यात बारा लेव्हल ओलांडून वर पोचायचं. खेळातला तास खराच तास असतो. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटं परत येत नाहीत. आमच्या भिंतीवरचं घड्याळ आणि राजकुमाराचं घड्याळ एकाच वेळी संपायचं. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबलं की खेळ साठवून ठेवता येतो, हे समजायला आम्हाला वर्ष लागलं. तोवर रोज रात्री पहिल्या पायरीपासून सुरुवात.

तर त्या रविवारी मी डॉसबॉक्स उतरवून घेतलं. २००२ पासून उपलब्ध असलेला हा फुकटचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरच्या पोटात विंडोजच्या आधीचा, डॉसवर चालणारा जुना कॉम्प्युटर उभा करतो. दादानं ती जुनी फ्लॉपी कधीतरी सीडीवर उतरवून ठेवली होती, त्यातला फोल्डर त्यानं पाठवला. मी माझा पडदा त्याला दिसेल असा जोडला. राजकुमार धपकन तळघरात पडला, लोखंडी दार मागे बंद झालं, आणि बोटांना सगळं आठवत होतं. मी धावलो, उडी मारली, दुसऱ्या कड्याला लोंबकळलो, वर चढलो.

"आरं थांब! शिफ्ट दाबून चाल की!"

हे वाक्य मी पंचवीस वर्षांनी ऐकत होतो. नुसता बाण दाबला की राजकुमार धावतो. शिफ्ट धरून बाण दाबला की तो एकेक पाऊल जपून टाकतो, कडेशी आला तर पाय पुढे करून चाचपतो, जमिनीतून वर येणाऱ्या खिळ्यांमधूनही सुखरूप निघतो. मी सातवी-आठवीतला, मला धावायची घाई. दादा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता, तो शेजारच्या स्टुलावर बसून एवढं एकच वाक्य सांगत राहायचा.

आता मोठेपणी खेळताना सगळ्यात जास्त थक्क करते ती त्याची चाल. १९८९ चा खेळ आहे, चित्रं जाडीभरडी आहेत, चेहरा तर नाहीच म्हटला तरी चालेल, पण धावता धावता थांबायचं झालं की तो खऱ्या माणसासारखा दोन पावलं घसरतो. याचं कारण मला इथे आल्यावर वाचायला मिळालं. हा खेळ जॉर्डन मेकनर या एका तरुणानं लिहिला. त्यानं धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातल्या एकेका चौकटीवरून राजकुमार गिरवला. तलवारबाजीची हालचाल त्यानं १९३८ सालच्या एका चित्रपटातल्या द्वंद्वावरून घेतली. संगीत त्याच्या वडिलांचं. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या हरवल्या होत्या, त्या २०१२ मध्ये वडिलांनाच घरातल्या कपाटात सापडल्या. थोरला भाऊ सांगतोय आणि धाकटा पळतोय, बाप संगीत देतोय आणि फ्लॉप्याही जपून ठेवतोय. आम्ही पर्शियाचा म्हणून जो खेळ खेळत होतो तो एका घरानं मिळून केला होता, आमच्या दुकानासारखाच. हे दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणूनच तसं पळतंय बघ ते पोरगं."

तेव्हापासून हिवाळाभर आमचा नेम झाला. रविवार, इथे चार, तिकडे साडेआठ.

प्रिन्स बारावीपर्यंत यायला वेळ लागणार होता, म्हणून मधूनमधून दुसरे खेळही काढले. 'डूम' या राक्षसांवर गोळ्या झाडायच्या खेळाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९३ च्या डिसेंबरात आलेल्या या खेळाचा पहिला नऊ लेव्हलचा भाग फुकट वाटायला मोकळा होता, पुढचे दोन विकत. आमच्याकडे होता तो फुकटचा. त्याच्या शेवटी दोन आडदांड राक्षस मारून चबुतऱ्यावर पाय ठेवला की आपण एका काळोख्या खोलीत पोचतो आणि तिथे आपल्याला घेरून मारतात. मग पडद्यावर इंग्रजी मजकूर येतो. तो पुरता न वाचता आम्ही ठरवून टाकलं की डूम असाच संपतो, त्यातला शिपाई शेवटी मरतो. आम्हाला त्याचं खरंच वाईट वाटलं होतं. या जानेवारीत मी बाकीचे दोन्ही भाग विकत घेऊन पुरे केले. ते पहिल्याच्या तोडीचे नाहीत. पहिल्या भागातले जिने, खिडकीतून दिसणारं अंगण, आधी दिसून नंतर पोचता येणाऱ्या जागा, त्यांची जुळणी पुढे सैल होत जाते. पण शिपाई जिवंत राहिला, हे दादाला सांगताना मला आनंद झाला.

'एज ऑफ एम्पायर्स'वर मात्र आमचं अजून भांडण आहे.

माउअरपार्कमध्ये रविवारी जुना बाजार भरतो. तिथे कपबशा, कॅमेरे, कुणाच्या तरी आजीचे कोट यांच्या ढिगात मला या खेळाचा १९९७ चा पुठ्ठ्याचा खोका मिळाला, सीडी आणि जर्मन पुस्तिकेसकट. नव्या विंडोजवर तो नीट चालेना, रंग विस्कटले, पण खटपटीनं चालवला. आपल्याकडच्या मुलांना हा खेळ का भिडला याचं उत्तर माझ्या मते सोपं आहे. दिवाळीला आपण किल्ले करतो. बेळगावात गल्लीगल्लीत करतात. तांबडी माती, दगड, पोती, वरून हळीव पेरायचे म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत गवत येतं. मावळे कुठे उभे करायचे, पाण्याचं टाकं कुठे, यावर मारामारी. आणि अचानक पडद्यावर तेच सगळं. माणसांना लाकडं तोडायला पाठव, दगड आण, तट बांध.

दादानं पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. "दार कुठंय?" पहिल्या खेळात तटाला दरवाजाच नव्हता. तट बांधता यायचा, पण आत-बाहेर करायला फट सोडावी लागायची किंवा आपलाच तट पाडावा लागायचा. ज्यानं येळ्ळूरच्या राजहंसगडाचा दरवाजा बघितलाय, शाळेच्या सहलीत त्यातून धावत गेलाय, त्याला ते पटणं शक्य नव्हतं. दरवाजा हाच तर किल्ल्याचा कस. दादानं दोन दिवस तो खेळ लावला नाही. १९९९ मध्ये दुसरा भाग आला, त्यात दरवाजा होता, आपल्या माणसासाठी आपोआप उघडणारा आणि शत्रूला बंद राहणारा. दादाचं म्हणणं, खरा खेळ तिथून सुरू होतो. माझं म्हणणं, पहिल्यात जे अडायचं त्यामुळेच तट कुठे बांधायचा याचा विचार करावा लागायचा. दोघंही आपापल्या जागी ठाम आहोत.

दुसऱ्या भागातली एक गोष्ट मात्र मला इथे आल्यावर उमगली. त्यात प्रत्येक संस्कृतीची माणसं आपापल्या भाषेत बोलतात. लाकूडतोड्याला कामाला लावलं की तो आपल्या बोलीत आपला धंदा सांगतो. लहानपणी ते सगळे आवाज आम्हाला सारखेच निरर्थक होते, आम्ही नुसती नक्कल करायचो. गेल्या महिन्यात मी ट्यूटन घेऊन खेळत होतो. हे लोक जुन्या वळणाची जर्मन बोलतात. इथे मी चार वर्षं जर्मन शिकलो, बेकरीत, सरकारी कचेरीत, ट्रामच्या थांब्यावर. आणि माझ्या शेतकऱ्यानं हाकेला ओ दिली ती मला कळली! मी खेळ थांबवून ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग काका आठवले, पायरी चढणाऱ्या माणसाकडे बघून जीभ बदलणारे. दोन भाषांच्या गावात वाढलेल्या पोराला हे आधीच ऐकू यायला हवं होतं की समोरचा त्याच्या भाषेत काहीतरी नेमकं सांगतोय. ज्यांनी हा खेळ केला त्यांनी एवढीशी गोष्ट करण्याचे कष्ट घेतले, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

कार्ल-मार्क्स-आलेवर इथलं कॉम्प्युटर खेळांचं संग्रहालय आहे, २०११ पासून त्या जागेत. तिथे काही जुन्या यंत्रांवर हात लावून खेळता येतं. बेळगावहून कुणी बर्लिनला आलं तर मी त्याला आधी तिथे नेईन, भिंतीचे अवशेष नंतर.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही बाराव्या लेव्हलला पोचलो.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा आडवा येतो. धावत जाऊन त्यातून उडी मारली की आरशातून राजकुमाराची सावली बाहेर पडते आणि पळून जाते. मग ती आडवी येत राहते. एकदा आपल्या वाटणीचं औषध पिऊन टाकते, एकदा ऐन उडीच्या वेळी समोरचं दार पाडते. मेकनरला आणखी एक शत्रू हवा होता, पण कॉम्प्युटरची मेमरी संपली होती, नव्या चित्रांना जागा नव्हती. म्हणून त्यानं राजकुमाराचीच चित्रं वापरून ही सावली केली. बारावीत ती तलवार घेऊन समोर उभी राहते. दुकानातल्या त्या रात्री आम्ही तिला मारत होतो आणि मरत होतो, पुन्हा मारत होतो आणि पुन्हा मरत होतो. त्यानंतर लगीनसराई आली, मग माझी शाळा, मग कॉम्प्युटरच बदलला.

या वेळीही मी वार केला. सावलीचा एक जीव गेला, माझाही एक गेला.

"त्येला लागलं की तुला लागालंय," दादा हळूच म्हणाला. "तलवार आत घाल."

मी खालचा बाण दाबला. राजकुमारानं तलवार म्यान केली. समोर सावलीनंही केली. मी पुढे चाललो, तीही पुढे आली, आणि दोघं एक झाले. कुणाला काही सुचेना. दादाच्या मागून एका दुचाकीचा आवाज येऊन गेला.

पुढे रस्ता नव्हता, नुसती पोकळी होती. मागे फिरून बघितलं, दुसरी वाट नाही. सवयीनं बोट शिफ्टवर गेलं. दादा या वेळी काहीच म्हणाला नाही. मी बोट काढलं आणि नुसता बाण दाबून धरला. राजकुमार कड्यावरून पोकळीत धावला आणि त्याच्या पायाखाली एकेक फरशी येत गेली.

जाफर लवकर पडला, निदान मला तसं वाटलं. घड्याळात चार मिनिटं उरली होती. राजकन्या धावत आली, पाठोपाठ तो उंदीर, जो आठव्या लेव्हलला आपल्यासाठी दार उघडायला येतो. वाटेवरच्या प्रत्येकाला खेळानं आठवणीनं शेवटाला बोलावलं होतं.

"दादा, बघितलंस?"

"व्हय. बघितलं." मग म्हणाला, "काकांना सांगतो. आज साडेनऊच्या आत झालं म्हणून."

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुकानात येत नाहीत. मला आणखी काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात पायरीवर पावलं वाजली. "बर्री, कुंदर्री," असं कन्नडात म्हणत दादानं कुणालातरी 'या, बसा' केलं, आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला.