आमची वाटचाल : चादरीपासून योगा टॉवेलपर्यंत

वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याच्या शेडमध्ये माग टाकले, तेव्हा आमच्याकडे नुसत्या चादरीच निघायच्या. पुढे टेरी टॉवेल (अंगावर धाग्यांचे बारीक फासे, म्हणजे लूप, असलेला) आला आणि बस्तान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हललं. हॉटेल, लॉज, लग्नातल्या आहेराचा माल, अधूनमधून जॉबवर्क. हे सोलापुरात गल्लोगल्ली चालतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते पुण्याच्या एका हॉट योगा (तापवलेल्या खोलीत करायचा योग) स्टुडिओच्या ऑर्डरचं.

मॅटवर अंथरायला दोन बाय सहा फुटांचे टॉवेल हवे होते, तेही मऊसूत. दिले. आठवड्याभरात स्टुडिओवाल्या ताईंचा फोन : "काका, माल छान आहे, पण पाय सरकतात. एकदा क्लासला येऊनच बघा ना."

गेलो. चाळीस अंशांचं सोलापूरकराला काय कौतुक? मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली ते रोजचंच. पण आमचं ऊन कोरडं. इथे चाळिशीच्या जोडीला ४० टक्के दमटपणा, दारं बंद आणि दीड तासाचा क्लास. योगशिक्षक बिक्रम चौधरींनी अमेरिकेत रुळवलेला २६ आसनं आणि २ श्वसनप्रकारांचा क्रम. (या क्रमावर कॉपीराइट लागत नाही, असं तिथल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं. आमच्या धंद्याला ते बरंच झालं.)

अर्धचंद्रासनातच हनुवटीवरून घाम टपकू लागला. पुढे एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल दोन्ही हातांनी धरायचं होतं, ते ओल्या साबणासारखं निसटलं. शेजारची मुलगी पावलाला छोटा नॅपकिन गुंडाळून आरामात उभी. त्रिकोणासनात पाय फाकवले, तर कोरडे उंच लूप तळव्याखाली लोळायला लागले. मग टॉवेल चिंब भिजला आणि पाय जागचे हलेनात! जुन्या मंडळींना हे ठाऊक असावं, कारण ती सुरुवातीलाच टॉवेलवर पाण्याचा फवारा मारत होती.

परत आल्यावर जॉबरला (माग लावून देणाऱ्या कारागिराला) घेऊन मागापाशी बसलो. टेरीत बाण्याचे (आडवे) तीन धागे पडले की मागाची फणी ते एकदम पुढे ठोकते आणि लूप उभा राहतो. धागे ठोकण्याआधी मागे जेवढी जागा सोडाल, तेवढा लूप उंच. ती जागा कमी केली, लूप बुटका झाला. जमिनीचा ताणा, म्हणजे लूपखालच्या मूळ कापडाचे उभे धागे, घट्ट घेतला. फिनिशिंगमधलं सिलिकॉन पूर्ण बंद, कारण त्याने हाताला मऊ लागतं पण पाणी पटकन शोषलं जात नाही. रंग वॅटचेच (पक्क्या रंगांचा एक प्रकार), ते घामाला आणि रोजच्या धुण्याला टिकतात. पावलाला गुंडाळायचा नॅपकिन जोडीला दिला. दुकानदाराने चिमटीत धरून पाहिला तर हा टॉवेल त्याला खरखरीत वाटतो, म्हणून दुकानात तो फारसा खपत नाही. स्टुडिओवाले मात्र पुन्हा मागवतात.

पोट अजून हॉटेलच्या मालावरच चालतं. योगाचा माल थोडा, पण पैसे वेळेवर येतात. सोलापुरात धंदा केलेल्याला याचं मोल सांगायला नको.

घेणाऱ्यांना एवढंच : वापरण्याआधी दोनदा साध्या पाण्यात धुवा, कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, आणि क्लासआधी दोन्ही टोकं ओली करून घ्या.