वेड-नेस-डे

माझी भाची बी.एड. करतेय, तिचं घर बदलापूरला आणि कॉलेज ठाण्यात, त्यामुळे परीक्षा आली की ती आमच्याकडे वर्तकनगरला मुक्कामाला आणि तिच्या नोट्स घरभर. सोफ्यावर, फ्रिजवर, एकदा तर पिठाच्या डब्यावर सापडल्या. गेल्या वर्षी एकदा तिचं पाठांतर घेत होते, म्हणजे ती घडाघडा म्हणणार आणि मी कागदात बघून हां हां करणार. विषय होता वर्तनवाद आणि द्वितीय भाषेचं अध्ययन. नाव वाचूनच जांभई आली होती पण दुसऱ्या पानावर मीच तिला म्हटलं, थांब, ते परत वाच.

आधी पहिलं पान पटकन सांगते. १९१३ साली वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने म्हटलं की मनात काय चाललंय ते सोडा, बाहेर जे वागणं दिसतं तेवढंच बघा, हाच वर्तनवाद. पाव्हलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहितीच आहे, घंटेमागून खाणं येतं हे कळल्यावर नुसत्या घंटेनेच लाळ गाळणारा. मग स्किनर नावाचा दुसरा मानसशास्त्रज्ञ आला, त्याच्या पेटीत उंदीर खटका दाबतो, दाणा मिळतो, म्हणून परत दाबतो. या दाण्याला नोट्समध्ये प्रबलन म्हणतात. स्किनरचं म्हणणं भाषा पण तशीच, बोललं की समोरून काहीतरी मिळतं म्हणून माणूस परत तसं बोलतो. त्यावरून शिकवणाऱ्यांनी काढलं की ऐका, नक्कल करा, शंभर वेळा घोका की सवय लागते. आणि दुसऱ्या भाषेची गोची अशी की तोंडात आधीच पहिल्या भाषेच्या सवयी ठाण मांडून बसलेल्या. दोन भाषांच्या सवयी जुळल्या तर काम सोपं, नाही जुळल्या तर जुनी सवय मध्ये मध्ये कडमडते. लॅडो नावाच्या माणसाने १९५७ मध्ये हे नीट मांडलं, की दोन भाषा शेजारी ठेवून बघा, शिकणारा कुठे अडखळणार ते आधीच कळेल.

हे ऐकल्याबरोबर मला समोरच्या फ्लॅटमधली चेची आठवली (चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई). ती केरळातल्या पालक्काडची, नवऱ्याची बदली झाली म्हणून सहा वर्षांपूर्वी ठाण्यात आली, तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण पहिल्या महिन्यातच ती केळी, बाळ, डाळ असं इतकं स्वच्छ म्हणायची की मी चाटच पडले, कारण इथे चाळीस चाळीस वर्षं काढलेले हिंदीवाले लोक अजून कळव्याला कलवाच म्हणतात. कारण सोपं आहे, मल्याळममध्ये ळ आहे, हिंदीत नाही. आपण आणि आम्ही यातला फरक पण तिला कोणी शिकवावा लागला नाही, त्यांच्याकडे पण समोरच्याला धरून आणि समोरच्याला वगळून असे दोन वेगळे शब्द आहेत. क्रियापद वाक्याच्या शेवटी, तेही सारखंच. इथपर्यंत लॅडोला फुल मार्क.

आणि दाणा कुठला, तर कोथिंबीर. जांभळी नाक्याला एक भाजीवाली आहे, चेची तिच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलली की ती कधी चार काड्या कोथिंबीर वर टाकायची, कधी नुसतं हसून "ताई छान बोलता की" म्हणायची, कधी गर्दी असेल तर काहीच नाही. तरी चेची हिंदीत न बोलता मराठीतच बोलत राहिली. स्किनरच्या प्रयोगात पण हेच दिसतं, दाणा दर वेळेला न देता कधीमधी दिला की सवय जास्त चिवट होते. (लॉटरीचं तिकीट घेणारे लोक आणि रील बघत बसणारा माझा मुलगा, दोघांनाही हे लागू.)

पण मग व्याकरण. मल्याळममध्ये करणारा बाई असो की पुरुष, क्रियापद बदलत नाही, त्यामुळे लॅडोच्या हिशोबाने चेचीने बाई-पुरुष न बघता एकच कुठलंतरी रूप सगळ्यांना रेटायला पाहिजे होतं. तिने काय केलं तर ती म्हणायला लागली, मी भात खाल्ली, मी दूध आणली, मी फोन करली. स्वतःबद्दल बोलताना सगळं ली ली ली. एकदा मेथी निवडता निवडता मी विचारलं अगं हे काय, तर म्हणाली, "मी लेडीज ना, म्हणून ली." चेची आली, चेची गेली असं सगळ्यांच्या तोंडून ऐकून तिने स्वतःचा नियम बसवला होता! आता बघा, मी फोन करली असं आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणी म्हणत नाही म्हणजे ही नक्कल नाही, आणि मल्याळममधून पण आलेलं नाही. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना बाबा ऑफिसला जाले म्हणायचा, तेही कोणी शिकवलं नव्हतं, खेळले, पळले चालतं मग जाले का नाही. वरून गंमत म्हणजे भाजीवाली या चुकीच्या वाक्यांनाही कोथिंबीर देत होती, तिला काय पैसे दिले की पैसे दिली, पैसे मिळाल्याशी मतलब. तरी दोनेक वर्षांत चेचीचं ली आपोआप ताळ्यावर आलं. ज्या चुकीला दाणा मिळतोय ती चूक गेली कशी, हे वर्तनवादाला सांगताच येत नाही.

नोट्समध्ये पण हेच आहे, फक्त रुक्ष भाषेत. स्किनरचं व्हर्बल बिहेव्हियर हे पुस्तक १९५७ चं, आणि १९५९ मध्ये नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने त्याचं परीक्षण लिहून पार पिसं काढली. मुद्दा हाच की माणूस कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतो. मग १९६७ मध्ये पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने म्हटलं की शिकणाऱ्याची चूक म्हणजे वाईट सवय नाही, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते चुकीवरून दिसतं. म्हणजे मेथीच्या जुडीसमोर चेचीने मला जे सांगितलं तेच.

भाची म्हणाली झालं, वर्तनवाद निकालात, पुढचा प्रश्न. पण मी जिथे थांब म्हटलं ते शिक्षेचं पान होतं.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. धिस इज अ पेन, धिस इज अ बुक, सगळा वर्ग एका सुरात, तोही वर्तनवादाचाच प्रसाद होता हे आत्ता कळतंय. त्यात मजा यायची खरं तर. स्पेलिंग पाठ करायची युक्ती म्हणजे तोडून म्हणायचं, तसं मी घरी वेड-नेस-डे, वेड-नेस-डे असं घोकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं केलं आणि धडा वाचायला सांगितला, त्यात तो शब्द आला आणि मी ठणठणीत आवाजात वेडनेसडे वाचलं. आधी वर्ग हसला, मग बाईंनी हात उलटा करायला लावला आणि बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी, दोन वेळा, उभी धरून. दहावीपर्यंत मला पोरं वेडनेसडे म्हणायची.

स्किनर स्वतः शिक्षेच्या विरोधात होता हे मला माहीतच नव्हतं. तो म्हणतो शिक्षेने नवीन काही येत नाही, वागणं तेवढ्यापुरतं दबतं आणि माणूस टाळायला शिकतो. आणि इथे भाचीच्या नोट्स चुकल्या आहेत बरं का, तिने नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा असं लिहिलंय. तसं नाहीये. नकोशी गोष्ट टळली म्हणून एखादं वागणं पक्कं होणं म्हणजे नकारात्मक प्रबलन. माझं उदाहरण घ्या. बाईंचं लक्ष माझ्या बाकाकडे आलं की मी मान खाली घालायचे, नंबर टळायचा, हुश्श व्हायचं. तो हुश्श हाच माझा दाणा. पट्टी दोनदाच बसली पण हुश्श पाच वर्षं रोज मिळत होतं. मी इंग्रजीत पंच्याहत्तर मार्क काढले, आज ऑफिसात मेल लिहिते, इन्व्हॉइस बघते, सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की बाथरूमला जाते. भाषा येते कशी ते वर्तनवादाला धड सांगता आलं नसेल, माझं तोंड बंद कसं झालं ते मात्र त्याने तारीखवार सांगितलं.

आणि नशीब असं की आमचा हेड ऑफिसबरोबरचा कॉल बुधवारी असतो. वागळे इस्टेटच्या त्या एसी केबिनमध्ये कॉल जोडल्याचा टुंग आवाज आला की माझे तळहात ओले. पाव्हलॉव्हची घंटा, दुसरं काय.

चेचीला हे सगळं सांगितलं तर ती आधी मनसोक्त हसली, मग म्हणाली तू माझ्याशी इंग्लिश बोल, मी तुझ्याशी मराठी. आता रोज संध्याकाळी भाजी निवडताना हा प्रकार चालतो, मी चुकते, ती चुकते, पट्टी कोणाच्याच हातात नाही. घंटा वाजत राहिली आणि मागून काहीच आलं नाही की ती भीती हळूहळू विरते म्हणे. माझी विरायला आठेक महिने लागले, पूर्ण नाही अजून.

या बुधवारी कॉलवर विचारलं की व्हेंडर पेमेंटचं काय, आणि मॅनेजरने तोंड उघडायच्या आत मीच म्यूट काढून बोलले, टू इन्व्हॉइसेस आर पेंडिंग, आय विल सेंड बाय इव्हिनिंग. नऊ शब्द. कोणी कोथिंबीर वगैरे दिली नाही, ओके म्हणाले आणि पुढच्याचं नाव घेतलं. पुढच्या आठवड्याचं इन्व्हाईट टाइप करताना मात्र मनात वेड-नेस-डे असंच म्हटलं, त्याशिवाय मला ते स्पेलिंग अजून येत नाही.