संस्कृतच्या तासाला पडलेला प्रश्न

घरी मराठी, गल्लीत माळवी, बाजारात हिंदी. इंदूरच्या आम्हा मुलांना एका भाषेतून दुसरीत जाताना काहीच वाटत नसे. नववीत मात्र कुणीतरी संस्कृतच्या सरांना विचारलं, "सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या ना?"

सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले: संस्कृत, लॅटिन, इंग्रजी. पितृ, पातेर, फादर. पाद, पेस, फूट. पशु, पेकुस, फी. (फी म्हणजे जुन्या इंग्रजीत गुरंढोरं, हे ऐकून वर्गात खसखस पिकली.) "दोघींकडे प, तिसरीकडे फ. नुसतं साम्य पुरत नाही, साम्याला नियम लागतो," सर म्हणाले. मग त्यांनी संस्कृत शिकलेल्या विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाचं १७८६ सालचं कलकत्त्यातलं भाषण सांगितलं. त्या हिशेबाने संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण. त्यांची आई कधीच लोपली.

"मग त्या आईची आई?" हा प्रश्न माझा. पुढे नोकरी वेगळ्याच क्षेत्रात झाली, पण त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही.

पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने १८६६ साली भाषेच्या उगमावर निबंधच स्वीकारायचे नाहीत असं ठरवलं होतं, इतका अंदाजांचा सुळसुळाट झाला होता. १९९४ साली बेंग्टसन आणि रूलेन या भाषाशास्त्रज्ञांनी, सगळ्या भाषांचं मूळ एकच हे दाखवायला, जगभरच्या भाषांतून शब्दांची २७ समान मुळं काढून दाखवली. 'तिक', म्हणजे बोट किंवा एक, हे त्यातलं गाजलेलं. यादी वाचताना मी हरखून गेलो होतो. पण हजारो भाषा धुंडाळल्या आणि अर्थ थोडे सैल धरले, तर योगायोगानेही जोड्या जुळतात. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचं काही नातं नाही. शिवाय नियमाने मागे जायची पद्धत आठ-दहा हजार वर्षांपलीकडे फारशी पोचत नाही, आणि माणूस बोलतोय तो त्याच्या कितीतरी आधीपासून.

मूळ एकच असावं असं मला मनापासून वाटतं. कुठलंही मूल कुठलीही भाषा सहज शिकतं, हे त्याचं एक कारण. पण वाटण्याला पुरावा म्हणायचं नाही, हे मी त्या तासाला शिकलो.

या महोत्सवी वर्षात शाळेला एक विनंती आहे. खंडव्याकडे कोरकू बोलतात, ती मुंडा या भाषाकुळातली. जळगाव जामोद भागातल्या निहालीचं तर कुठल्याच कुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही, आणि ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार उरलेत. नववीच्या मुलांची यंदाची सहल तिकडे न्यावी. खर्चाचा वाटा मी उचलेन.