दिवाळीच्या सीझनला काउंटरवर उभं राहताना: माझा अनुभव

दादरला साड्यांच्या दुकानात मी 11 वर्षं काउंटरला आहे. आमचा सीझन घटस्थापनेच्या आधी सुरू होतो तो भाऊबीजेपर्यंत, मग जरा दम खाल्ला की तुळशीचं लग्न लागतं आणि लग्नसराई सुरू. या दिवसांत सुट्टी नाही, उलट सगळ्यांना सुट्टी असते त्याच दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि ते मान्य करूनच आम्ही काम करतो. पण 2024 च्या दिवाळीत माझं जे झालं ते परत होऊ द्यायचं नाही हे मी ठरवलं होतं आणि 2025 ला बऱ्यापैकी जमलं, म्हणून लिहितेय.

तेव्हा झालं काय, तर धनत्रयोदशीला लघवीला जळजळ सुरू झाली. टॉयलेट तिसऱ्या मजल्यावर, समोर गिऱ्हाईक, चार साड्या उलगडलेल्या, पदर दाखवता दाखवता सोडून गेलं की गिऱ्हाईक गेलंच समजा, म्हणून पाणीच कमी प्यायचं ही आम्हा सगळ्याजणींची सवय, त्यात ऑक्टोबरचा उकाडा. लक्ष्मीपूजनाला अंगात ताप घेऊन कामाला गेले. रात्री कळव्याला घरी पोचले तेव्हा पाय इतके सुजलेले की सँडलचा पट्टा निघेना. दारातल्या पणत्या विझून गेल्या होत्या, मुलाने परत तेल घालून माझ्यासाठी लावल्या आणि मी उंबऱ्यावर बसून रडले.

डॉक्टर म्हणाल्या इन्फेक्शन आहे, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका. पायांचंही त्यांनी नीट सांगितलं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात, एका जागी उभं राहिलं की ते काम होत नाही, रक्त शिरांमध्ये साचतं, मग सूज आणि पुढे जाऊन व्हेरिकोज व्हेन्स. म्हणून टाचा वर-खाली करत राहायचं, जमेल तेव्हा बसायचं, आणि रात्री झोपायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पाय उशीवर उंच ठेवायचे.

बसायचं, पण कुठे? आमच्या तळमजल्यावर सगळे काउंटर, तिथे स्टूल ठेवलं तर गिऱ्हाइकाला वाईट दिसतं असं मालकांचं म्हणणं. पण वरच्या मजल्यावर गादी आहे, शालू-पैठणी तिथे बसून दाखवतात, आणि तिथे वर्षानुवर्षं तेच तीन पुरुष. मला वाटलं हे मागून बघायचं. आणि मागायची वेळ कुठली तर पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत नवीन कपडा कोणी घेत नाही, दुकान रिकामं, मालकही निवांत असतात. सीझनच्या मध्यात हेच बोलले असते तर "दिवाळीनंतर बघू" एवढंच ऐकायला मिळालं असतं, हे मी आधी दोनदा अनुभवलंय.

आम्ही चौघी मिळून गेलो, एकटी गेले नाही. मोबाईलवर मी केरळच्या बायकांचं बघितलं होतं, कोझिकोडच्या मिठाई तेरुवु बाजारातल्या, कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या. त्यांनी पेणकूट नावाची संघटना काढून आधी टॉयलेटसाठी आणि मग बसण्यासाठी लढा दिला, 2018 ला केरळने कायद्यात बसायची सोय घातली, 2021 ला तामिळनाडूनेही. हे मालकांना सांगितलं, भांडणाच्या सुरात नाही, पण सांगितलं. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने आस्थापना कायद्यातलं पण विचारलं, की आठवड्याची सुट्टी दिली नाही तर बदली सुट्टी दोन महिन्यांत द्यायची असते. आमच्याकडे 30 च्या वर स्टाफ आहे त्यामुळे आम्हाला तो लागू आहे. मालक थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले, ठीक आहे, दोन-दोन तास पाळीने गादीवर बसा.

दोन तास म्हणजे फार वाटत नाही ना, पण दुपारी तीनला पायाखालची फरशी सुटून मांडी घालून गादीवर बसलं, की पहिली पाच मिनिटं तळव्यांना मुंग्या येतात आणि मग हळूहळू कंबर सैल होते. आणि विक्री कमी झाली नाही, पैठणीचा काठ बाईच बाईला जास्त नीट समजावते असं मला मनापासून वाटतं.

पाण्यासाठी आम्ही जोड्या लावल्या. "ताई, यावर मॅचिंग ब्लाउजपीस बघून येते" असं म्हणलं की जोडीदारणीने गिऱ्हाईक सांभाळायचं, ती समजून जाते. सकाळी कळव्याला गाडीत चढून दादरपर्यंत उभं राहणंही बंद केलं. वीस मिनिटं लवकर निघते, शेअर रिक्षाने ठाण्याला जाते आणि तिथून सुटणारी ठाणे लोकल पकडते, बसून येते.

सगळं जमलं नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी गादीबिदी सगळं बाजूला राहिलं, सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभी होते. त्या रात्री झोपच येईना, छातीत धडधड, डोक्यात फराळ राहिला, मुलाचे कपडे राहिले, सासूबाई एकट्याच चकल्या पाडतायत. उठून बाल्कनीत गेले आणि 14416 ला फोन लावला, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं. तिकडच्या ताईंनी उपदेश केला नाही, ऐकून घेतलं, आणि विचारलं की यातलं उद्याच व्हायला हवं असं नक्की काय आहे. मी बराच वेळ विचार केला, काहीच नव्हतं. सकाळी सासूबाईंना म्हणलं, लाडू-करंज्या बचत गटातून आणू, बाकीचं तुळशीच्या लग्नापर्यंत करू, दिवाळी तोपर्यंत असतेच की. त्या म्हणाल्या, "मी कधीची हेच म्हणणार होते."

भाऊबीजेला दुकानात होते. भावाला आधीच सांगून ठेवलं होतं, बदली सुट्टी मिळेल तेव्हा ये. चार रविवारांपैकी आत्तापर्यंत दोनच बदली सुट्ट्या मिळाल्यात, बाकीच्या दोन मी वहीत लिहून ठेवल्यात आणि मागणार आहे. पहिली मिळाली 28 ऑक्टोबरला, मंगळवारी. भाऊ दुपारी आला, पाटावर बसला, मी ओवाळलं, आणि त्याने पाया पडताना माझ्या घोट्यांकडे बघून विचारलं, "ताई, या वेळी पाय सुजले नाहीत?"