तुम्ही विचारलंत म्हणून: नागलीतलं कॅल्शियम ३४४ की ३६४?

नाशिकमधली अन्नशास्त्राची मुलं आणि नागलीचे पापड करणाऱ्या बचत गटांतल्या ताई हमखास विचारतात: शंभर ग्रॅम नागलीत, म्हणजे नाचणीत, कॅल्शियम एका तक्त्यात ३४४ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ३६४, मग खरं कोणतं? अन्नघटकांच्या संशोधनात यायचं असेल तर याच प्रश्नापासून सुरुवात करा.

दोन्ही तक्ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचेच. ३४४ वाल्या जुन्यातल्या नागलीत पाणी १३.१ टक्के होतं, ३६४ वाल्या २०१७ च्या तक्त्यात १०.८९. पाणी वजा करून कोरड्या वजनावर मांडलं की ३९६ आणि ४०८ येतात, म्हणजे फरक निम्म्याच्या आसपास उतरतो. नव्या आकड्यापुढे अधिक-उणे ५८ असंही छापलंय. देशभरातले नमुने आपसांतच तेवढे वेगळे. त्यामुळे दोन्ही आकडे खरे. पाण्याचा आकडा शेजारी नसेल तर मात्र मी कुठल्याच तक्त्यावर विसंबत नाही.

आमचं निम्मं काम यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी अशा वेगवेगळ्या बाजारांतून एकेक किलो नागली घ्यायची. सगळी एकत्र करून ढीग पसरायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. पाव किलो उरेपर्यंत हेच. वरवरची मूठभर उचलली तर बारीक दाणे आणि माती तळाशीच राहतात. पाखडून, खडे वेचून झालं की शेवटचं धुणं आयनमुक्त, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्यानं, कारण बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याला चिकटतं. गिरणीत दळायचं नाही. दगडाची कच पिठात उतरते. स्टीलच्या भांड्यात दळलं तर लोहाचा आकडा फुगतो. लोह मोजायचं असेल तर अगेट या कठीण दगडाचा खल लागतो.

पाण्याचं प्रमाण मोजायला पाच ग्रॅम पीठ १०५ अंशांवर तापवायचं, लागोपाठच्या दोन वजनांत फरक उरेनासा होईपर्यंत. बेदाण्याला हे चालत नाही. त्यातली साखर त्या तापमानाला फुटते आणि ती घटसुद्धा पाणी म्हणून मोजली जाते; तिथे निर्वात ओव्हन, ७० अंश.

कॅल्शियमसाठी पिठाची राख करतात. आधी मंद आचेवर धूर थांबेपर्यंत जाळायचं, मगच ५५० अंशांच्या भट्टीत. थेट भट्टीत ठेवलं तर पीठ पेट घेतं, कण उडतात आणि आकडा कमी येतो. राख पांढुरकी हवी. काळे ठिपके दिसले तर गार झाल्यावर नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब, सुकवणं, पुन्हा भट्टी. मग हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून अणुशोषण यंत्रावर (ज्योतीतले कॅल्शियमचे अणू किती प्रकाश शोषतात ते हे मोजतं) ४२२.७ नॅनोमीटरला वाचन.

नवखे इथेच फसतात. नागलीत फॉस्फरस भरपूर. ज्योतीत फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि वाचन खाली येतं. लँथॅनम क्लोराइड घातलं की फॉस्फेट त्याला बिलगतं, कॅल्शियम मोकळं होतं. ते नमुन्यातही घालायचं आणि प्रमाण द्रावणांतही, म्हणजे ज्यांतलं कॅल्शियम आधीच माहीत असतं आणि ज्यांच्याशी नमुना ताडून बघतात त्यांत. एकातच घातलं तर तुलनाच चुकते. प्रत्येक खेपेला एक कोरी चाचणी (पीठ न घालता बाकी सगळं तसंच) आणि मूल्य ठरलेलं एक प्रमाणित पीठ सोबत चालवायचं. त्या पिठाचा आकडा जुळला नाही तर अख्खी खेप रद्द, नमुना कितीही मेहनतीनं आणलेला असो.

पदवी रसायनशास्त्राची, अन्नशास्त्राची किंवा कृषीची, कोणतीही चालेल. संख्याशास्त्र मात्र मन लावून शिका. नमुने किती घ्यायचे हे तेच सांगतं.

ताईंसाठी वेगळं सांगते. नागलीच्या दाण्याचा आकडा पापडाच्या पाकिटावर छापू नका. पापडात मीठ, पापडखार, तीळ असतात, पाणीही वेगळं. तयार, वाळलेला पापड तपासायला द्या, तोही एकाच घाणातला नको, तीन-चार घाणांतले मिसळून. सोडियम आवर्जून तपासून घ्या. पापडखारातूनही ते येतं, नुसतं मीठ मोजून हिशेब लागत नाही. आणि आकडा कच्च्या पापडाचा की तळलेल्याचा, हे पाकिटावर स्पष्ट लिहा.