माथेरानची पॉइंट-फेरी पाहुण्यांसोबत: सूर्य पाठीशी ठेवून

पाहुणे आले की माथेरानचा क्रम ठरलेला असतो: सकाळी पूर्वेकडे सूर्योदय, संध्याकाळी पश्चिमेकडे सूर्यास्त. सूर्यच पाहायचा असेल तर ठीक. दऱ्या पाहायच्या असतील तर हा क्रम नेमका उलटा पडतो. सकाळी अ‍ॅलेक्झांडर पॉइंटवर ऊन थेट डोळ्यांत येतं, खाली उल्हास नदीच्या खोऱ्यावर पांढरट थर असतो आणि लांबची भीमाशंकरची रांग पुसट रेघेएवढी उरते. त्याच वेळी लुईझा पॉइंटवर ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या प्रबळगडाच्या कातळाचा एकेक थर वेगळा दिसतो.

म्हणून या खेपेस सकाळी पश्चिम कडा, दुपारी दक्षिण टोक आणि उतरत्या उन्हात पूर्व कडा असा क्रम लावला. डिसेंबरमधला आडवार, सहा जण, त्यातले चौघे सह्याद्रीत पहिल्यांदाच. दस्तुरी, म्हणजे वर गाड्या जिथे थांबतात तो नाका; तिथून निघून तिथे परत सुमारे १५ किलोमीटर, थांबे धरून दहा तास.

वर पोचणं

नेरळ स्टेशनवर सातच्या आत उतरायचं. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकलने मागे नेरळला यायचं. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते आणि घाट चढून ती दस्तुरी नाक्यावर सोडते. पुढे गाड्यांना बंदी आहे. प्रवेशकराची पावती तिथेच होते. ती दिवसभर खिशात ठेवा.

नेरळहून मिनी ट्रेनने वर येण्याचा मोह पाहुण्यांना हमखास होतो. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी सुंदरच आहे, पण घाट चढायला दोन तासांहून जास्त घेते. सकाळचा स्वच्छ उजेड असलेला वेळ त्यातच संपतो. हौस भागवायची तर संध्याकाळी परतताना माथेरान स्टेशन ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ही शटल घ्या. वीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि थकलेल्या पायांना तेवढाच आराम. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, शटल मात्र चालते.

दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, जवळपास सपाट. रुळांच्या कडेने चालत गेलं तर पाऊण तास. हा पाऊण तास पाहुण्यांची चाल जोखायला वापरा. बोलता बोलता धाप लागणारा कोणी असेल तर दक्षिण टोक तिथेच वगळून टाका. वन ट्री हिलला पोचल्यावर हे लक्षात येऊन काही उपयोग नसतो.

पश्चिम कडा

बाजारातून शार्लोट तलाव, शेजारचं पिसारनाथाचं देऊळ, मग लॉर्ड, इको आणि शेवटी लुईझा. तलावाचं पाणी पिण्याचं आहे, त्यात उतरायचं नाही. हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं.

हिवाळ्यात लुईझाला नऊच्या आधी घाई करून पोचण्यात अर्थ नाही. रात्री थंड झालेली जड हवा दरीत तळाशी बसते, वर तुलनेने उबदार हवेचं झाकण असतं आणि गावांतला धूर, धूळ, धुकं सगळं त्याखाली अडकतं. ऊन जमिनीवर पडून हवा वर उठायला लागली की हे झाकण मोडतं. साडेनऊ ते अकरा हा पश्चिमेचा सगळ्यात चांगला वेळ. अकरानंतर ऊन डोक्यावर येतं, सावल्या आखूड होतात आणि कातळाची खोली जाते.

समोर प्रबळगडाचं लांबलचक पठार, त्याच्या उत्तर टोकाशी कलावंतीणचा सुळका आणि दोघांमधली खाच. नवख्या माणसाला किल्ला कुठे संपतो आणि सुळका कुठे सुरू होतो हे आपोआप दिसत नाही; आधी ती खाच दाखवा, मग तिच्या दोन्ही बाजू. कळसूबाई किंवा राजगडच्या गप्पा इथे नकोत. जे समोर दिसतंय तेवढंच सांगितलं तर लक्षात राहतं.

आता कडेवर उभं राहण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माथेरानचा माथा जांभ्याचा आणि खालचा सगळा कडा काळ्या बेसॉल्टचा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरतो आणि कडेला खालून झिजतो, त्यामुळे वरून भक्कम वाटणारा ओठ खालून पोकळ असू शकतो. कठडा नसेल तिथे कडेपासून दोन मीटर मागे थांबायचं. फोटो काढायचा असेल तर बसून काढायचा. मागे मागे सरकत फोटो काढणाऱ्याजवळ एका जाणकाराने उभं राहावं.

दुसरा धोका घसाऱ्याचा. जांभ्याचे वाटाण्याएवढे गोल खडे लाल मुरुमावर पसरलेले असतात आणि उतारावर ते चक्क गोळ्यांसारखे घरंगळतात. गुळगुळीत तळाचे शहरी बूट इथे कुचकामी. या खेपेस जेवढ्या घसरगुंड्या झाल्या त्या सगळ्या अशाच बुटांच्या. पाहुण्यांना निघण्याआधी बुटाच्या तळाचा फोटो मागवा. खोबणी दिसली नाही तर नेरळच्याही आधी, घरूनच दुसरे बूट घालून यायला सांगा. उतरताना पाऊल आडवं टाकायचं, वजन पूर्ण तळव्यावर, गुडघा किंचित वाकलेला.

पाणी, डबा आणि माकडं

हिवाळ्यात माणशी दोन लिटर पाणी, मार्च ते मे तीन. पॉइंटवरच्या टपऱ्यांत लिंबू सरबत, काकडी, चहा मिळतो, पण आडवारी अर्ध्या टपऱ्या बंद असतात. त्यांच्यावर विसंबून पाणी कमी घेऊ नका.

खाणं स्टीलच्या डब्यात, डबा सॅकच्या आत, सॅक पाठीवर. पिशवी हातात घेतली की माकड ती ओढणारच. प्लॅस्टिकची कुरकुर त्यांना लांबून कळते. पॉइंटवर काही उघडायचं नाही, कारण माकडाने झडप घातली की माणूस दचकून मागे सरतो आणि मागे दरी असते. जेवण रस्त्यालगतच्या झाडीत, कड्यापासून दूर. त्या झाडीत शेकरू दिसण्याची शक्यताही चांगली असते. वर फांद्यांमध्ये खडखड आवाज ऐकू आला की थांबून पाहा.

घोड्यांचंही एक सांगायला हवं. घोडा आला की डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. नवखा माणूस मोकळी जागा दिसते म्हणून नेमका दरीकडे सरकतो.

दक्षिण टोक

वन ट्री हिल आणि चौक पॉइंट. साडेबारा ते दोन हा वेळ प्रकाशाच्या दृष्टीने सगळ्यात सपाट. तो इकडे घालवण्याचं कारण असं की वाट बरीचशी सावलीतून जाते आणि इथली नजर दूरवर नेणारी आहे. खाली मोरबे धरणाचं पाणी, नवी मुंबईला पुरवलं जातं ते. पलीकडे इर्शाळगडाचा सुळका. त्याच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. हे उतार पावसाळ्यात किती पाणी पितात आणि मग काय होऊ शकतं, ते इथे उभं राहून नीट कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाहुण्यांना घेऊन या टोकाला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ढगात दिसतही काही नाही.

वन ट्री हिलच्या बाजूने शिवाजी लॅडर नावाची वाट पायथ्याच्या चौक गावाकडे उतरते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात याच अंगाने वर आला आणि इंग्रजांना माथेरान 'सापडलं'. ठाकर, कातकरी, धनगर त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वावरत होते. पाहुणे ही वाट उतरू या म्हणतील. नको. वाट तीव्र उताराची, घसाऱ्याची, आणि दिवसभर चालून झाल्यावर उतरण्यासारखी नाही. ती वेगळ्या दिवशी चौकच्या बाजूने चढायची.

इथेच एक हिशोब चुकतो. नकाशावर माथेरान सपाट दिसतं, पण बरेचसे पॉइंट मुख्य रस्त्यावरून खाली उतरून गाठावे लागतात आणि तेवढंच परत चढावं लागतं. आठ पॉइंट म्हणजे आठ छोटे चढ. दुपारी दोननंतर पाहुण्यांचे पाय जड होतात ते यामुळे. म्हणून आठच्या पुढे जाऊ नका. फलकांवर तीसेक नावं दिसतात, ती सगळी गाठायचा नाद नकोच.

पूर्व कडा

रामबाग आणि अ‍ॅलेक्झांडर, साडेतीन ते साडेचार. ऊन आता पाठीमागून पूर्वेच्या दरीत उतरतं. गार्बेट पॉइंटची लांब सोंड अंगावर ऊन घेऊन उभी असते, तिच्या पोटातल्या घळींच्या सावल्या काळ्याभोर होतात आणि खाली कर्जतकडे जाणारा लोहमार्ग दोऱ्यासारखा दिसतो. सकाळी फिकट पडणारी भीमाशंकरची रांगही आता कडेकडेने उठून येते. सव्वाचारला सावली दरीत सरकायला लागते, तेव्हा पंधरा मिनिटं गप्प बसून ती सरकताना पाहावी. चौघांपैकी एकानेही या वेळात फोन काढला नाही.

साडेचारला उठायचंच. बाजारात पाच, दस्तुरीला सहाच्या आत. डिसेंबरात सहानंतर झाडीत झपाट्याने अंधारतं, म्हणून दोघांत एक तरी विजेरी असू द्या. मोबाइलची बॅटरी दिवसभराच्या फोटोंनी संपलेली असते. रविवारी दस्तुरीला टॅक्सीची रांग लागते, आडवारी लगेच मिळते.

गार्बेट या फेरीत मुद्दाम घेतला नाही. तो मुख्य पठारापासून फुटलेल्या सोंडेवर आहे, जाऊन-येऊन अर्धा दिवस खातो आणि ती वाट उघडी, सावली नसलेली. पुढची नोंद त्याचीच: भिवपुरी रोडहून चढाई, दुपारी सोंडेवर, उतरताना दस्तुरी.