बूट घालून झोपणारी लेक

अर्जात एक रकाना होता: मूल दत्तक का घ्यायचं आहे? मी जराही न अडखळता बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन लिहिलं, १:२७. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं, हाच देवाला मान्य असलेला धर्म. लिहून झाल्यावर समाधानही वाटलं. गृहभेटीला आलेल्या सोशल वर्कर ताईंनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हे सेवेचं कारण झालं. आई का व्हायचंय, ते सांगा."

मला सांगता येईना. कितीतरी वर्षं उपचार घेऊन आम्ही दोघं थकलो होतो. मूल मला हवं आहे, माझ्यासाठी हवं आहे, हे म्हणायची लाज वाटायची. वचनाच्या आड लपणं सोपं होतं. ताईंनी घाई केली नाही. उपचार थांबवल्याचं दुःख मोकळं झालंय का, एवढंच विचारलं, आणि मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले.

पुढच्या भेटींत त्यांनी आमचं लहानपण, आमची भांडणं, रागाच्या भरात आम्ही काय करतो, सगळं खोदून काढलं. एक प्रश्न आजही आठवतो: "उद्या मूल मोठं होऊन तुमच्या श्रद्धेपासून दूर गेलं तर?" मी गप्प. नवरा म्हणाला, "आम्ही प्रार्थना करत राहू. दार उघडं राहील." वैद्यकीय दाखले, उत्पन्नाची कागदपत्रं, चर्चच्या पाळकांचं पत्र हे सगळं यथावकाश झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फायली वेळ खातात.

त्या रिकाम्या महिन्यांत मी दत्तक या शब्दाचा पवित्र शास्त्रात माग काढला. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ह्युइओथेसिया, म्हणजे पुत्र म्हणून स्थापणं. तो पाचच वेळा येतो आणि पाचही वेळा प्रेषित पौलाच्या पत्रांत. रोमी जगात दत्तक जायचे ते बहुधा मोठे पुरुष, कारण घराण्याला वारस हवा असायचा. ज्युलियस सीझरने मृत्युपत्रातून ऑक्टेव्हियनला, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसला, दत्तक घेतलं, ते असंच. पौल हाच कायद्यातला शब्द उचलतो, पण देवाच्या घरी वारसाची उणीव कुठे होती? पुत्र होताच, येशू. मग आम्हाला का घेतलं? इफिसकरांस १:५ मध्ये उत्तर आहे: त्याच्या मनाला तसं आवडलं म्हणून. ते वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मूल हवंसं वाटणं हे काही पाप नव्हतं. पुढच्या भेटीत ताईंना मी सरळ सांगितलं, मला आई व्हायचंय, मला मूल हवंय.

मग एका बाळाची माहिती आली. मुलगा, दीड वर्षाचा. फोटोत त्याची एक मूठ घट्ट आवळलेली होती. आम्ही रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायचो, चर्चच्या मंडळीतही नाव न घेता विनंती केली. तीन आठवड्यांनी निरोप आला: त्याची मावशी पुढे आली आहे, बाळ तिच्याकडे जाईल. मी चिडले, देवावर आणि त्या अनोळखी बाईवर. ताई शांतपणे म्हणाल्या, "मूल आपल्या माणसांत राहू शकत असेल, तर आधी तेच पाहायचं." आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराच्या प्रास्ताविकातही हीच गोष्ट आहे, मुलाला मूळ कुटुंबात राहता यावं यासाठी देशांनी आधी झटावं. हे सगळं डोक्याला पटलं, पण मनाला बोचत होतं ते वेगळंच. ते बाळ आम्हाला मिळावं म्हणून आम्ही गुडघे टेकत होतो, म्हणजे त्याच्या रक्ताचं कुणीच पुढे येऊ नये, असंच नकळत मागत होतो. त्या रात्री प्रार्थनेला शब्द सापडले नाहीत. नंतर मावशीसाठी प्रार्थना करायला लागलो. ती सवय अजून आहे.

आमची लेक आली ती चार वर्षांची. सोबत एक पिशवी आणि पायात लाल बूट. पहिल्या रात्री बूट काढायला गेले तर तिने पाय पोटाशी घेतले. रडली नाही, ओरडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. आम्ही बूट ओल्या फडक्याने पुसले आणि तिला तशीच निजवली. कुणी केव्हाही उठवून दुसरीकडे नेईल, तेव्हा तयार असलेलं बरं, असा तिचा हिशेब असावा. मी दर रात्री तळवे पुसायचे, आधी उजवा बूट, मग डावा. कायद्याने ती आमची झाली होती, कागदावर आमचं आडनाव लागलं होतं. मला मात्र ती "ओ" म्हणायची.

रोमकरांस ८:१५ मध्ये दत्तकपणाच्या आत्म्याबद्दल लिहिलंय, त्याच्या योगे आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो. मी लहानपणापासून ते पाठ म्हटलं होतं. तिच्या उशाशी बसून पहिल्यांदा लक्षात आलं की त्या वचनात आधी भीतीचा उल्लेख येतो, हाक नंतर. घरात आलेल्या लेकराला भीती वाटते हे पौलाला ठाऊक होतं.

मंडळीतल्या माणसांनी आम्हाला खूप सांभाळलं. तरी दोन गोष्टी टोचायच्या. "किती नशीबवान पोर, देवाचे आभार मान हं," असं तिलाच सांगायचे. जी आधीचं सगळं हरवून आली आहे, तिच्याकडून आभार कसले मागायचे? आणि दुसरं, "अगदी पोटच्या मुलीसारखी सांभाळता!" त्या "सारखी"ने मी दर वेळी दुखावायचे. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ योसेफापर्यंत येते, जो त्याचा जन्मदाता नव्हता, आणि बाळाचं नाव योसेफच ठेवतो. तिथे कुठेही "सारखा" नाही.

तिला जन्म देणाऱ्या आईबद्दलही आम्ही बोलतो. मोशेची गोष्ट तिला फार आवडते: एकीने तीन महिने लपवलं, दुसरीने पाण्यातून उचललं. ती विचारते, "पहिली आई रडली असेल?" मी म्हणते, "हो, असेल." त्याच्या पुढचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून तिला जवळ घेऊन बसते.

आठवा महिना असेल. रविवारी उपासनेला उशीर होत होता, नवरा किल्ल्या शोधत होता, मी केस विंचरत होते. आतल्या खोलीतून वैतागलेला आवाज आला, "आई, माझा एक बूट कुठंय?"

कंगवा खाली ठेवून मी आत गेले. बूट पलंगाखाली पार भिंतीपर्यंत गेला होता, उपडा पडलेला.